किल्ली निघाली, एवढंच पाहिलं

त्या गाडीला डावा पाय लागत नव्हता आणि तात्यांचा डावा पाय गुडघ्यात वाकत नव्हता. या दोन गोष्टी जुळल्या म्हणून ती आमच्या अंगणात आली. लातूरकडच्या भूकंपानंतर तात्या, म्हणजे माझे वडील, नांदेडच्या मित्रांबरोबर मलबा उपसायला गेले होते. दगडमातीच्या जाड भिंतींपैकी एक पडायची राहिली होती, ती काम चालू असताना त्यांच्या पायावर आली. पाय वाचला, गुडघा गेला. मदतीला आलेले एक परदेशी डॉक्टर सोबत फिकट हिरव्या रंगाची जपानी गाडी घेऊन आले होते. परत जाताना ती त्यांनी मदत समितीला देऊन टाकली. समितीत ती कुणालाच नको होती. तिला क्लच नव्हता, सुटे भाग हैदराबादेतही मिळत नव्हते. ‘बिनक्लचची’ म्हणून लोक तिच्याकडे तीन पायांच्या वासराकडं पाहावं तसं पाहायचे. शेवटी कुणीतरी म्हणालं, तात्यांना द्या, त्यांना एका पायानं चालवता येईल. जन्मभर सायकलवरून पत्रकं वाटलेल्या माणसाच्या दारात परदेशी गाडी उभी राहिली, आणि वीस-एकवीस वर्षांच्या मला तिची लाज वाटायला लागली.

मला लाज वाटायची कारण मी पत्रकांवर वाढले होते. नांदेडला आमचा छोटा छापखाना होता. हमालांचा संप असो, वाचनालयाची सभा असो, धरणात गेलेल्या जमिनींचा मोर्चा असो, कागद आमच्याकडेच छापला जायचा. फसलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर मी बाराखडी गिरवली. ‘बंधूंनो आणि भगिनींनो’ हे मी वाचलेलं पहिलं वाक्य असावं. भूकंपानंतर तात्यांच्या उपचारासाठी आणि समितीच्या कामासाठी आम्ही लातूरला आलो, मागून टेंपोत घालून छपाईचं ट्रेडल मशीनही आलं, आणि मग परत जाणं राहूनच गेलं. लातुरात तेव्हा क्लासचं वारं सुटलं होतं. गल्लीगल्लीत पत्र्याच्या शेडमध्ये बाकं पडत होती. आमच्या मशीनवर आता गुणवत्ता यादीत आलेल्या मुलांचे फोटो असलेल्या क्लासच्या जाहिराती छापल्या जाऊ लागल्या. आईनं पुढच्या खोलीत चार खाटा टाकल्या आणि बाहेरगावच्या चार मुली ठेवून घेतल्या. पहाटे त्यांचे गजर एकामागून एक वाजायचे, मग चार आवाजांत पाठांतर सुरू व्हायचं. एकीचे प्राण्यांचे वर्ग, दुसरीची सूत्रं, आणि त्याखाली तव्यावर टाकलेल्या भाकरीचा ओला चट्ट आवाज. नाश्त्याला कधी सुशीला, म्हणजे फोडणी दिलेले भिजवलेले मुरमुरे, कधी दह्याबरोबर धपाटे. रात्रीच्या जेवणाला बहुतेक वेळा भाजलेल्या डाळी-मसाल्यांच्या पिठाची येसर आमटी, कारण ती सात जणांना पुरवता येते.

मी या सगळ्याच्या विरुद्ध होते, आणि ते दिवसातून दोनदा तरी बोलून दाखवत होते. शिक्षणाचा बाजार मांडलाय, पोरांना चरकात घालून रस काढतायत, असं माझं म्हणणं. आई भाकरी उलथत शांतपणे म्हणायची, “बोल बाई बोल. तुझ्या पत्रकाला कागद कुठनं येतो त्ये बी छाप एकदा खाली.” तात्या गालात हसायचे. त्यांनी मला कधी अडवलं नाही. ते मला छपाईचे खिळे जुळवायला जागा करून द्यायचे आणि क्लासची जाहिरात तेवढ्या वेळापुरती बाजूला सरकवून ठेवायचे.

चार मुलींतली एक नसीम. कंधारची. तिचे अब्बा तिथल्या बाजारात भावांबरोबर शिलाईचं दुकान चालवायचे. नसीमला डॉक्टर व्हायचं होतं. तिच्या काकांना ते मान्य नव्हतं. बारावीपर्यंत शिकू दे, त्यानंतर नंबर लागला तर ठीक, नाहीतर घरी, अशी अब्बांनी त्यांच्याकडून मुदत मागून घेतली होती. हे तिनं मला पहिल्याच आठवड्यात, पालेभाजी निवडता निवडता, भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं होतं. ती मला ताई म्हणायची, आईला मावशी. तिची जीभ धारदार होती. माझं भाषण सुरू झालं की ती वहीतून मान न काढता म्हणायची, “ताई, जरा हळू क्रांती करा, माझा धडा चुकून राहिला.”

घरात शांत जागा एकच होती, ती म्हणजे अंगणात उभी असलेली गाडी. मशीन सुरू झालं की खिडक्यांची तावदानं थरथरायची. नसीम मग पुस्तक घेऊन गाडीत, चालवायच्या जागेवर जाऊन बसायची, काचा वर करायची आणि पाठांतर करायची. पाठांतर करताना तिचा डावा हात गियरच्या दांड्यावर असायचा. दांड्याला अंगठ्याखाली एक बटण होतं. ते दाबत आणि दांडा ओढत ती एकेक नाव म्हणायची. दांडा हलायचा नाही, कारण किल्ली तात्यांच्या खिशात असायची.

हे थोडं समजावून सांगायला हवं. आज आमच्या गल्लीत बिनक्लचच्या गाड्या डझनभर असतील आणि चालवणाऱ्यांना आत काय आहे याच्याशी देणंघेणं नाही. तेव्हा आम्हालाही नव्हतं, पण आम्हाला ते शिकावं लागलं. दांड्याशेजारी इंग्रजी अक्षरं होती. पी या अक्षरावर दांडा आणला की चाकं आतून अडकायची, गाडी जागची हलायची नाही. दांडा पीवर असल्याशिवाय किल्ली निघायची नाही, आणि किल्ली काढली की दांडा पीवरून सुटायचा नाही. किल्ली आणि दांडा यांना एकमेकांशी बांधणारी एक केबल आत होती, सायकलच्या ब्रेकला असते तशीच, आवरणातली. नसीमच्या बारावीच्या हिवाळ्यात ती सरकली. तात्या दांडा पीवर आणायचे, किल्ली फिरवायचे, आणि किल्ली शेवटच्या खाचेपर्यंत जायचीच नाही. किल्ली निघेना म्हणून गाडी सोडून जाता येईना. मुलींना क्लासला सोडल्यावर कागद आणायला दुकानात उतरायचं तरी ते उतरू शकत नव्हते. रस्त्याकडेला गाडीत बसून राहायचे आणि ओळखीचं कुणी दिसलं की त्याला दुकानात पाठवायचे. दोनदा बॅटरी उतरली. नसीम म्हणाली, “तात्या, तुमी गाडी ठेवली का गाडीनं तुमाला?”

गॅरेजवाल्यानं लांबूनच हात जोडले. “तात्या, जिला क्लच न्हाई तिला आपण हात लावत न्हाई. उद्या कुठं उभी ऱ्हायली तर माझ्या नावानं बोंब.” नांदेडला एक ओळखीचा मिस्त्री आखातात काम करून आलेला होता. त्यानं निरोप पाठवला, घेऊन या, बघतो. पण किल्ली अडकलेली गाडी नांदेडपर्यंत न्यायची तात्यांची तयारी नव्हती. मी म्हणाले, आपणच करू. गाडीबरोबर इंग्रजी पुस्तिका होती आणि मला इंग्रजी येत होतं. शिवाय माझ्या डोक्यात आपली दुरुस्ती आपण करावी, परावलंबन ही गुलामीच, असली वाक्यं तयारच होती.

सुट्टीचा दिवस, ऊन कोवळं. अंगण फाटकाकडे उतरतं होतं. गाडी फाटकाकडं तोंड करून उभी असायची, आणि तिच्या पुढच्या चाकाला तात्या वीट लावून ठेवायचे, कारण हँडब्रेक नावापुरताच उरला होता. तात्या पाय लांब करून दारात बसले, मी आत आडवी झाले. स्टेअरिंगखालचं झाकण काढलं, दांड्याच्या बाजूचं काढलं. केबल सापडली तेव्हा मला जमिनीत पुरलेलं काही सापडावं तसा आनंद झाला. दांडा पीवर ठेवायचा, किल्ली शेवटच्या खाचेकडं फिरवून धरायची, दहाच्या पान्यानं नट सैल करून केबलची ढिलाई काढायची, नट आवळायचा. पहिल्यांदा काहीच फरक पडला नाही. दुसऱ्यांदा केबल उलटीकडे जास्त सरकवली आणि किल्ली फिरली. तात्यांनी ती ओढली आणि ती हातात आली. त्यांनी ती उंच धरून आईला दाखवली. आईनं सुशीलेची ताटली माझ्या पोटावर ठेवली. मी अजून आतच होते. नसीम खिडकीतून वाकून म्हणाली, “मावशी, बघा, क्रांती स्टेअरिंगखालनं निघाली.”

पुस्तिकेत त्यानंतर दोन ओळी होत्या. त्या मी मोठ्यानं वाचल्या होत्या, हे मला पक्कं आठवतं. किल्ली काढल्यावर दांडा ओढून पाहा, तो हलता कामा नये. तात्यांनी फडक्यानं दांडा पुसता पुसता बटण दाबून तो मागं ओढला आणि परत पुढं नेला. किल्ली त्यांच्या दुसऱ्या हातात होती. दांडा हलला. तो हललेला मी पाहिला, त्यांनी पाहिला. गाडी विटेला टेकून उभी राहिली. आम्हाला दोघांनाही त्यात काही वावगं दिसलं नाही. आमच्या डोळ्यांना जीप, टेंपो, ट्रॅक्टर माहीत होते, आणि त्यांचा गियर किल्लीशिवाय हलतो. तो हलतोच. किल्लीशिवाय न हलणारा दांडा हीच आमच्या लेखी त्या गाडीची खोड होती. ती गेली असली तर बरंच झालं, असंच काहीतरी आत कुठंतरी वाटलं असणार. तात्या म्हणाले, “आजून काय बघायचं हाय का त्यात?” मी म्हणाले, “किल्ली निघाली ना, तात्या. झालं.”

संध्याकाळी मी ती वीट उचलून भिंतीकडेला ठेवली. जपानी गाडीला वीट लावणं मला अडाणीपणाचं वाटायचं. पुस्तकात लिहिलंय, पी पुरे आहे, असं मी आईला सांगितलं. गाडी हलली नाही. आठवडाभर ती तशीच उभी राहायची आणि मी येता-जाता तिच्याकडं पाहून घ्यायचे.

पुढच्या रविवारी मशीन सुरू होतं. मी खिळे जुळवत होते, क्लासविरुद्धच्या माझ्या पत्रकाचे. नसीम गाडीत जाऊन बसली. बटण दाबत, दांडा ओढत तिनं पाठांतर सुरू केलं असणार, आणि त्या दिवशी दांडा तिच्या हाताबरोबर आला. किल्ली नव्हती, म्हणून स्टेअरिंग अडकलेलं होतं. गाडी सरळ फाटकाकडं उतरली. घाबरून तिनं दार उघडलं आणि उडी टाकायला उजवा हात दाराच्या कडेवर ठेवला. दार फाटकाच्या दगडी खांबाला जाऊन लागलं आणि तिच्या हातावर मिटलं. मशीनच्या आवाजात आम्हाला काहीच ऐकू आलं नाही. आई ओरडत आत आली तेव्हा मी तिला म्हटलं, “थांब, ओळ पुरी होऊ दे.”

मनगट आणि दोन बोटं. डॉक्टर म्हणाले, हाड जुळेल, पण परीक्षा संपेपर्यंत प्लास्टर निघणार नाही. तात्या दवाखान्यात तिच्या खाटेशी बसून लहान मुलासारखे रडले. ती म्हणाली, “तात्या, दांडा मीच हलवला. तुमी कामून रडून राहिले?” दुसऱ्या दिवशी अब्बा एसटीनं आले. सडपातळ माणूस, गळ्यात मोजमापाची टेप, दुकानातून तसेच उठून आलेले. तात्यांनी आणि मी सगळं त्यांना सांगितलं, केबलचं, विटेचं, कुणी काय केलं तेही. काहीच लपवलं नाही. ते ऐकत राहिले आणि म्हणाले, “लेकरू वाचलं. हड्डी काय, जुळून जाती. तुमी दोघं दिल छोटा करू नका.” रात्री ते आमच्याकडं जेवले, आईनं वाढलेली आमटी दोनदा मागून घेतली. मला वाटतं, आम्हाला बरं वाटावं म्हणून घेतली. माफी इतक्या सहज मिळाली की मी ती घेऊन टाकली, आणि तिथंच माझं बिघडलं.

कारण त्याच दिवशी, अब्बांशी बोलणं झाल्यावर, दुपारी दवाखान्यात मी तिच्या उशाशी एकटी होते. मला तिला धीर द्यायचा होता. माझ्याकडं धीर द्यायला वाक्यं होती ती पत्रकांतली. मी तिच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाले, “एका अर्थी बरं झालं नसीम. एक वर्ष तरी या चरकातून सुटलीस.”

ती छताच्या पंख्याकडं पाहत होती. मग म्हणाली, “ताई, तुमी सुटलात तर घरी तात्या हाएत, छापखाना हाय. मी सुटले तर कुठं जाऊ, सांगा ना.”

मी काहीतरी बोलायला गेले. ती म्हणाली, “तुमी जरा भाईर बसा. मला झोप येऊन राहिली.”

झोप येत नव्हती. दाराच्या फटीतून मी पाहिलं. ती डाव्या हाताच्या बोटानं चादरीवर आकृती काढायचा प्रयत्न करत होती. हृदयाची असावी.

परीक्षेला लेखनिक मिळणार होता, पण नियम असा की तो खालच्या वर्गातला हवा. मी बी. ए. झालेली. मी तिचा हात व्हायला तयार होते, रात्रंदिवस बसले असते, पण नियमानं मला जागा नव्हती. हे मी तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “बरं हाय, नियम हाय त्ये.” तिच्या आवाजात राग नव्हता. ताई म्हणायची, ताटली हातात द्यायची, मीठ मागायची. फक्त मला टोमणे मारणं तिनं बंद केलं. मी दोन-तीन वेळा मुद्दाम तिच्यासमोर भाषणाच्या सुरात बोलून पाहिलं. ती वहीतून मान वर करून नीट ऐकून घ्यायची आणि माझं संपलं की पुन्हा वहीत बघायची.

गल्लीतली नववीतली एक मुलगी लेखनिक म्हणून मिळाली. तिला ‘पर्णरंध्र’ लिहायला दोनदा सांगावं लागायचं, आकृत्या तर विचारूच नका. पुढच्या खोलीत दुपारभर नसीम तिला रेष कुठून कुठं न्यायची ते सांगत बसायची आणि मी स्वयंपाकघरात भाकरी थापत ते ऐकायचे. तात्यांनी केबल पुन्हा बसवली, या वेळी पुस्तिकेच्या शेवटच्या ओळीपर्यंत. प्रत्येक पेपरला तेच तिला सोडायला गेले. निघण्याआधी ते किल्ली काढून दांडा दोनदा ओढून पाहायचे, आणि नसीम मागच्या सीटवर बसून नजर दुसरीकडं वळवायची, म्हणजे त्यांना ते तिच्यासमोर करताना अवघडू नये.

पत्रक मी छापलं. तात्याच म्हणाले, “छाप. तुझं म्हननं खोटं न्हाई.” आणि ते खोटं नव्हतंच. आज लातुरात त्या क्लासच्या जागी काचेच्या इमारती आहेत, आत किती मुलं मोडतात ते पेपरात तिसऱ्या पानावर येतं, आणि मी अजूनही त्याविरुद्ध लिहिते, बोलते. त्यातलं एकही वाक्य मी मागं घेतलेलं नाही. फक्त एक वाक्य कधीच छापलं नव्हतं, म्हणून ते मागं घेता येत नाही.

शेवटच्या पेपरनंतर अब्बा तिला न्यायला आले. पिशवीभर बोरं आणली होती. बसस्टँडवर मी तिच्या खिडकीशी उभी राहिले आणि म्हणाले, “नसीम, माझं चुकलं.” तिनं विचारलं, “कंच्याबद्दल?” मी म्हणाले, दवाखान्यात बोलले ते. तिनं मान हलवली. “गाडीचं असतं तर मी म्हनले असते, जाऊ द्या.” पुढं काहीतरी म्हणणार होती. कंडक्टरनं घंटी मारली.

तिचा नंबर थोडक्यात हुकला. काकांनी मुदत संपल्याचं सांगितलं, आणि अब्बा भावांच्या दुकानातून वेगळे झाले. कंधारच्या बाजाराच्या टोकाला, एका टपरीत शिलाईचं मशीन टाकून बसले. एक वर्ष आणखी, म्हणाले. मी ज्या वर्षातून ती सुटली असं म्हणाले होते, ते वर्ष तिनं लातुरातच काढलं, तीच पुस्तकं पहिल्यापासून. आमच्या घरी ती राहायला आली नाही. दोन गल्ल्या पलीकडं एका विधवा बाईकडं तिनं खाट घेतली. पुढं तिचं काय झालं ते मला ठाऊक आहे, पण ते सांगायचा हक्क तिचा आहे. मला त्या वर्षातलं एवढंच सांगता येतं की ती रोज पहाटे सायकलवरून आमच्या फाटकावरून क्लासला जायची. उजवी बोटं पुरी मिटत नव्हती, म्हणून हँडल डाव्या हातानं धरायची. तात्या पायरीवर चहा घेत बसलेले असायचे. ती दिसली की ते कप वर करायचे आणि ती घंटी वाजवायची. मी त्यांच्या मागंच, दारात उभी असायचे. मला ती दिसायची आणि तिलाही मी दिसत असणार. घंटी तात्यांसाठी असायची.